रत्नागिरीत चादरी धुताना

सोलापूरच्या एसटी स्टँडवर मला निरोप द्यायला निम्मी भवानी पेठ लोटली होती. निघालो होतो बदलीवर, रत्नागिरीला. थाट मात्र लंकेवर स्वारीला निघाल्यासारखा. आईनं खिडकीतून डोकं आत घालून बजावलं, "समुद्राच्या जवळ जाऊ नगंस. आन् करमलं न्हाय तर लगेच माघारी ये."

करमलं की! तुम्हा पेठेतल्या मंडळींना या गावाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. इथं सपाट असा फक्त समुद्र. बाकी सगळा चढ नाहीतर उतार. आपली सायकल मी पहिल्याच आठवड्यात विकली. घरं तांबड्या चिऱ्याची, दारात माड. सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव असा रंगतो, की आपले मंडईवाले ऐकून तोंडात बोटं घालतील. दुपारी मात्र अख्खं गाव जेवून आडवं. दुकानात शिरलात तर मालक एक डोळा उघडून म्हणतो, "चारनंतर या."

बाबा गेल्यापासून आई सोलापूरच्या घरात एकटी होती. इकडे ये म्हटलं की एकच उत्तर, "घट कोण बसवायचा मग?" यंदा भाद्रपदात कशीबशी आली, तीही नवरात्राआधी परतायच्या अटीवर. तिनं कायमचं राहावं म्हणून मी तिला मांडवीच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त दाखवला. ती म्हणाली, "बरं हाय. पर वास लई मारतोय."

दोनच दिवसांनी, मी आणि बायको ऑफिसात असताना, तिनं घरातल्या झाडून सगळ्या सोलापुरी चादरी धुतल्या. नवरात्राआधी अंथरूण-पांघरूण धुवायचं, हा आपला रिवाज. आपल्या गच्चीवर चादर जेवणं होईतो पापड होते. इथं ती संध्याकाळी ओली, दुसऱ्या दिवशी ओली, तिसऱ्या दिवशी ओली आणि कुबट. आम्ही सगळे बायकोच्या साड्या पांघरून झोपलो. आई दोरीपाशी उभी राहून आभाळाला जाब विचारत होती, "हितं माणूस वाळंना, चादर कुटली वाळतीय! मी चालले बाबा."

माझं अवसान गळालं. तेवढ्यात शेजारच्या कुसुमकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "अहो सोलापूरकर, सतरंज्या कसल्या धुता पावसात? आणा आमच्या न्हाणीघरात."

"सतरंज्या न्हाईत बाई, चादरी हैत!" आई फणकारली, पण गेली. काकूंच्या न्हाणीघरात पाणी तापवायची चूल, आणि चुलीवर कपडे वाळवायला आडवे बांबू. चुलीत नारळाची सोडणं, म्हणजे वरची वाळकी सालं, सारत दोघी बसल्या. संध्याकाळपर्यंत चादरी वाळून घरी आल्या. आई नाही आली. दुसऱ्या दिवशी वाळवायला काही नव्हतं, तरी गेली. तिसऱ्या दिवशी शेंगाची चटणी घेऊन गेली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी भीतभीतच विचारलं, "गाडीचं बघू का?" आई काकूंच्या परसातून टोपलीभर तांबडी माती घेऊन येत होती. आपल्याकडं घटाला शेतातली काळी माती लागते.

"यात उगवेल?"

"उगवंल की. न उगवून जाईल कुटं?"

आजवर कुणी विचारलं की मी सांगायचो, घर सोलापूरला, नोकरी रत्नागिरीला. यंदा दसऱ्याला सोनं द्यायला आमच्या दारात गेलात, तर कुलूप दिसेल. माघारी फिरू नका. सोनं घेऊन इकडे या. आई घरी आहे.