साध्या कपाशीचं पान

हे मी कोणालेच सांगितलं नाही — नवऱ्यालेही नाही. आज तुले काहून सांगून राह्यली, ते मलेही नीट कळत नाही.

बोंडअळीनं जिल्ह्यातली कपाशी खाल्ली, त्या वर्षांतली गोष्ट. यवतमाळच्या एका प्रयोगशाळेत मी अन् सुनीता संशोधन करत होतो. मी वकिलाची पोरगी, ती उमरखेडकडच्या तांड्यावरची. डबा मात्र दोघींचा एकच. जेलीफिशमधलं एक प्रथिन असते, निळ्या उजेडात हिरवं चमकते. ते आम्ही अळी मारणाऱ्या प्रथिनाले जोडलं होतं — म्हणजे जिवंत पेशीत ते कुठं जाते, ते सूक्ष्मदर्शकात डोळ्यानं दिसावं. अन् दिसलं. काय सुंदर हिरवं — मी तर साऱ्या लॅबले पेढे वाटले.

मग एक दिवस सहज साध्या झाडाचं पान ठेवलं, ज्यात आम्ही काहीच घातलं नव्हतं. तेही चमकलं. कपाशीच्या पानावर बारीक काळे ठिपके असतात ना — त्यातलं द्रव्य आपलं आपणच चमकते. मग फोटोतलं हिरवं आमच्या प्रथिनाचंच कशावरून? माझे सारे फोटो मातीत गेले. तरी मी कोणाले सांगितलं नाही.

नुसती गप्प बसली असती तर एक वेळ — पण आमच्या गाईड सरांनीही ते पान पाह्यलं. हे कसं काय, म्हणून विचारलं. मले माहीत नव्हतं काय? पक्कं माहीत होतं. तरी म्हणली, "कुंड्यांत बी सुनीतानं लावलं, सर. साध्यात आपलं मिसळलं असन."

आपल्याकडं बीटी कपाशीच्या बियाच्या पिशवीत साध्या बियाचं वेगळं पुडकं येते, वावराच्या कडेनं पेराले. कोण पेरते वेगळं? सारे एकत्रच टाकतात. सरही इथलेच, त्याइले लगेच पटलं. "तांड्यावरची सवय," हे वरून मीच म्हणलं. हो, मीच.

सुनीताले काढलं. पुढं साध्या पानाचे फोटो मी उजेड कमी करून काढले. ते काळे आले, अन् मी डॉक्टरेट घेतली.

परवा आर्णीच्या बसस्टँडवर ती भेटली. वावर पाहते, पोराइच्या शिकवण्या घेते. चहा पिता पिता म्हणली, "बी कसं मिसळलं, मले अजूनबी आठवत नाही गं. पण माझ्याच हातून झालं असन. तुह्या कामाची नासाडी केली मी. माफ कर."

मी तिचा हात धरला. म्हणली, "जाऊ दे, होते असं."