बोरच्या पाण्यातले स्पंज

स्वच्छतेचं मला जरा वेडच आहे. सुरतेत इतकी वर्षं प्राणिशास्त्र शिकवते आहे. विद्यार्थ्यांनी माझ्या नावानं बोटं मोडली असतील ती बहुतेक बेसिनपाशी उभं राहूनच.

दोन वर्षांपूर्वी एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी माझ्याकडे एक मुलगी होती. राहायला कोसाडला, घरचे खानदेशी, वडील कापडाच्या लूमवर कामाला. समुद्री स्पंज लहानपणी आपला सांगाडा कसा उभा करतो, हा तिचा विषय. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून आणलेल्या स्पंजांच्या अळ्या तिनं प्लास्टिकच्या बारा डिशमध्ये सोडल्या. पाणी कोणतं, ते मी ठरवलं: फिल्टर मशीनचं, त्यात विकतचं समुद्री मीठ. "बाहेरचा एक थेंबसुद्धा जाता कामा नये," असं बजावलंही.

अळ्या तळाला चिकटल्या, पसरल्या, पण सांगाडा काही येईना. नुसते मऊ ठिपके, चार-पाच दिवसांत मरून जायचे. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेलाही तेच. मी तिच्यावर डाफरायची, तुझेच हात नीट धुतलेले नसतात म्हणून. ती खाली मान घालून ऐकायची. प्रबंध द्यायला आठ दिवस उरले, तेव्हा मी सांगून टाकलं, यंदा सोड, पुढच्या वर्षी बघू. धाकट्या बहिणीचं कॉलेज हिच्या नोकरीवर अडलं होतं, तिला पुढचं वर्ष परवडणार नव्हतं. हे मला माहीत होतं, तरी बोलले.

दुसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन आली. "मॅडम, खरं सांगते. रविवारी मशीन बंद होतं. नव्या खेपेतल्या दोन डिश पार आटत आल्या होत्या, म्हणून माझ्या बाटलीतलं बोरचं पाणी घातलं. मीच घाण केली, मॅडम."

माझं डोकं फिरलं. तिची चूक तिला दाखवावी म्हणून मी त्यातली एक डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आत सुया होत्या! काचेसारख्या, दोन्ही टोकांना अणकुचीदार. एक पेशी आपल्या पोटात प्रथिनाच्या धाग्याभोवती सिलिका चढवून सुई घडवते. दुसऱ्या पेशी ती उचलून नेतात, कातडीतून वर काढतात आणि मांडवाच्या खांबासारखी बुडाशी पक्की करतात. ते सगळं तिथं चाललं होतं. सिलिका आली होती बोरच्या पाण्यातून. माझ्या मशीननं ती गाळून टाकली होती. स्पंजाला सिलिका पाण्यातूनच मिळते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला घेऊन तशीच विभागप्रमुखांकडे गेले. "बेन, टेक्निकल कारण लखी नाखो ने," ते समजुतीनं म्हणाले, म्हणजे तांत्रिक कारण लिहून टाका. मी म्हटलं, नाही, पाणी मी ठरवलं होतं, चूक माझी आहे, तसंच लिहा. त्यांनी पंधरा दिवसांची मुदत वाढवून दिली.

बाहेर आल्या आल्या तिनं आईला फोन लावला. मुदत मिळाल्याचं सांगत असेल, असं मला वाटलं.

"माय, मन्ही चूक नई व्हती," ती म्हणाली. पलीकडून आईनं काहीतरी विचारलं असावं. ती पुन्हा तेच म्हणाली, "मन्ही चूक नई व्हती व." मुदतीचं सांगायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.