तीन दिवस कारभार कोण बघत होतं?

माझ्या बहिणीचं लग्न काही आठवडे अडून राहिलं. कारण मी होतो.

ती एका दवाखान्यात नर्स होती. मुलगा सरकारी कचेरीत कारकून, मराठा शेतकरी घरातला. गावाकडं जमीन, शहरात पुंडलिकनगरला दोन खोल्यांचं घर. दोघांचं आपसात ठरलेलं होतं. आमचे वडील हयात नव्हते, म्हणून मुलाच्या वडिलांनी मला बोलावणं पाठवलं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी औरंगपुऱ्यातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो.

मुलाचे वडील पंचावन्नच्या आसपासचे होते. धोतर, सदरा, हातात तंबाखूची चंची. चहा आल्यावर त्यांनी विषयाला हात घातला.

"माझा इरोध नाय, पाव्हणं. पोरगी चांगली हाय. आमच्या घरच्यांचं आप्रेशन झालं तवा हिनंच बघितलं. पर उद्या भावकी इचारल, सून काय मानती म्हणून. तवा मी काय सांगू? तुमी थोरले हायेत. मला समजंल आसं सांगा, मग मी जबान देतो."

मला हे सोपं वाटलं. आमचं कुटुंब तीन पिढ्या ख्रिस्ती. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत विश्वासाची प्रश्नोत्तरी मी तोंडपाठ केली होती आणि बक्षीसही मिळवलं होतं. मी सुरुवात केली. देव एकच आहे. तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा आहे. पुत्र मनुष्य झाला, आमच्या पापांसाठी वधस्तंभावर मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी उठला.

"थांबा," ते म्हणाले. "मेला तो देवच ना?"

"हो."

"मग तीन दिवस कारभार कोण बघत होतं?"

प्रश्नोत्तरीत हा प्रश्न नव्हता. मला उत्तरं येत होती, पण ठरलेल्या प्रश्नांची आणि ठरलेल्या क्रमानं. मी म्हणालो की पुत्र मेला, पिता मेला नाही.

"म्हंजी बाप बघत होता कारभार. मग दोन झाले की, पाव्हणं. तुमी तर एकच म्हनलात."

मुलगा खाली मान घालून बसला होता. मी आणखी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. बोलताना मलाच ते पटत नव्हतं, एवढं आठवतं. शेवटी ते म्हणाले, "घाई नाय. पुढच्या ऐतवारी या. लिहूनच आना. पेपरवाले ना तुमी?"

घरी बहीण दारातच उभी होती. झालेलं सगळं तिनं ऐकून घेतलं.

"दादा, इतक्या वर्षांत तुला हे कुणी विचारलंच नव्हतं?"

"तुला विचारलं होतं?"

"मला रोज विचारतात. मी म्हणते, मी प्रार्थना करते. पेशंटला तेवढं पुरतं." मग ती म्हणाली, "माझं लग्न अग्रलेखात घालवू नकोस."

बुधवारी मी पाळकसाहेबांकडं, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडं गेलो. छावणीतल्या आमच्या देवळामागं त्यांचा बंगला होता. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. पाळकसाहेब वयस्क होते आणि संयमी होते. तीन दिवसांचा प्रश्न ऐकून ते हसले नाहीत. मरण आलं ते पुत्रानं धारण केलेल्या मनुष्यपणाला, देवपण मरत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, देवपण मेलंच नाही तर देवानं आमच्यासाठी मरण सोसलं असं आपण का म्हणतो? त्यांनी पुन्हा सांगितलं, थोड्या वेगळ्या शब्दांत. ते बोलत असताना सगळं कळत होतं. फाटकाबाहेर सायकलीवर बसलो आणि कळेनासं झालं.

निघताना ते म्हणाले होते, "एवढं शास्त्र त्यांना कशाला सांगता? तुमची साक्ष सांगा."

साक्ष म्हणजे देवानं स्वतःच्या आयुष्यात काय केलं ते सांगणं. दर महिन्याला देवळात कुणी ना कुणी उठून ती देत असे. मी कधी दिली नव्हती. माझ्या आयुष्यात बातमी होईल असं काही घडलं नव्हतं.

मग मला जे काम येत होतं ते मी केलं. दुपारी कचेरीत लवकर जाऊन न्यूजप्रिंटच्या दोन कागदांवर मजकूर तयार केला. आधी देव कोण, मग येशू कोण, मरण, पुनरुत्थान, आणि शेवटी तारण, म्हणजे पापांची माफी: ते पुण्यकर्मांनी कमावता येत नाही, कृपेनं फुकट मिळतं. वाक्यं लहान ठेवली. विशेषणं काढली. आमच्याकडं शिस्त अशी होती की डोळ्यांनी न पाहिलेली गोष्ट कुणाच्या तरी हवाल्यानं द्यायची. त्यामुळं प्रत्येक वाक्याशेवटी 'असे ख्रिस्ती लोक मानतात', 'अशी श्रद्धा आहे', 'असे पाळक सांगतात' हे आलं. ते मी मुद्दाम घातलं नाही. पंधरा वर्षांची सवय होती.

आमचे कंपोझिटर, खिळे जुळवणारे एक वयस्कर मुसलमान गृहस्थ, माझ्या टेबलाजवळ आले. मराठी मजकूर ते आमच्यापेक्षा जलद वाचत.

"ये आज का है?"

"नाही, घरचं आहे."

त्यांनी दोन्ही कागद वाचले. "तीन और एक का मामला हमारे कू कब्बी समझा नै, साब. पन कॉपी साफ है. किसी पे जिम्मेदारी नै आती."

ते मी कौतुक समजलो.

रविवारी पुंडलिकनगरला तो मजकूर मी वाचून दाखवला. मुलाचे वडील डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी कागद मागून घेतले. चष्मा लावून बोट फिरवत ते मनाशी काहीतरी मोजू लागले.

"ह्ये लोक मानत्यात. ह्ये पाळक सांगत्यात. ही श्रद्धा हाय," ते म्हणाले. "तुमी कुठं हायेत ह्याच्यात?"

कागद परत घ्यायला मी हात पुढं केला, पण त्यांनी ते सोडले नाहीत.

"पाव्हणं, मला बातमी नको व्हती. पोरीच्या घरात काय मानत्यात ते पायजे व्हतं. तुमी सोता ह्यातलं काय मानता?"

मी कागदाकडं पाहिलं. त्यातलं एकेक वाक्य मनात घेऊन शेपटाचा हवाला काढून पाहिला. वाक्य उरत होतं, पण ते माझं आहे का, हे ठरवता येत नव्हतं. नाही असंही म्हणवत नव्हतं.

मग त्यांनी मुलाला पान आणायला पाठवलं. तो गेल्यावर त्यांनी शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"ह्ये फुकट माफीचं. ह्ये खरं हाय?"

"असं..." मी म्हणालो आणि थांबलो.

"निजामावर पोलीस ॲक्शन झाली तवा मी चौदा-पंधरा वर्षांचा व्हतो. आमच्या गावातलं एक मुसलमानाचं घर एका दिसात रिकामं झालं. समदे निघून गेले. पुन्हा आले नाय. त्यांचं सागवानी दार व्हतं, नक्षीचं. आमच्या बापानं ते काढून आणलं. येक बाजू त्यानं धरली, येक म्या." त्यांनी चंची उघडली आणि तशीच मिटली. "अजून आमच्या गावच्या घराला हाय. तर मला सांगा, मी तुमच्या देवाला म्हनलं, चुकलं. देव म्हनला, जा, माफ केलं. मग ज्याचं दार व्हतं त्यानं काय करायचं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"इचारून या," ते म्हणाले.

आठवडाभर मी तोच प्रश्न घेऊन फिरलो. पाळकसाहेबांना विचारताना नाव-गाव सांगितलं नाही. ते म्हणाले, माफी देवाकडून खरोखर मिळते, आणि मिळालेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. तो परत द्यायला निघतो. मी विचारलं, परत द्यायला माणूसच सापडला नाही तर? ते म्हणाले, "तरीही निघतो." पुढं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

कंपोझिटरांनाही मी विचारलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून. खिळ्यांच्या खणातला हात त्यांनी थांबवला.

"अल्ला का हक अल्ला माफ करता. बंदे का हक बंदाच माफ करता. ये तो बच्चे कू बी मालूम है." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कौनसे गाँव की बात है?"

मी सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांचं मूळ गाव कोणतं हे मला माहीत नव्हतं आणि त्या दिवसानंतर ते मी कधी विचारलं नाही.

त्या रविवारी सकाळी देवळात पापकबुलीच्या वेळी सगळ्यांबरोबर गुडघे टेकले. ते शब्द मी लहानपणापासून म्हणत आलो होतो. पहिल्यांदाच मधे अडखळलो. शेजारी बहीण होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि स्वतःचं म्हणणं चालू ठेवलं.

दुपारी पुंडलिकनगरला दोन्ही उत्तरं, ज्याची त्याच्या नावावर, मी त्यांना सांगितली. मग म्हणालो, "यातलं कुठलं बरोबर ते मला कळत नाही. तीन आणि एक मला समजत नाही. तीन दिवसांचंही समजत नाही. माफी मिळते असं मला वाटतं. ती नसती तर मी आज सकाळी गुडघे टेकले नसते. पण त्या दाराच्या मालकाचं काय, ते मला माहीत नाही. हे पाळक म्हणत नाहीत, मी म्हणतो."

"म्हंजी तुमालाबी पुरतं ठाव नाय."

"नाही."

"मग भावकीला काय सांगू?"

"सांगा, पोरीच्या भावाला तीन वेळा विचारलं, त्याला नीट सांगता आलं नाही."

ते हसले. मग आत तोंड करून म्हणाले, "आवो, साखर आना."

लग्न देवळात झालं आणि जेवण त्यांच्या गावी. गावच्या घराचं दार मी पाहिलं. काळं पडलेलं सागवान, वर वेलबुट्टी. चौकटीपेक्षा फळ्या बोटभर अरुंद, म्हणून एका बाजूनं पट्टी ठोकलेली. बहीण त्यातूनच उंबरा ओलांडून आत गेली होती. दुपारी माझं ताट घेऊन ती ओट्यावर आली.

"दादा, मामंजी समोरच्या दारानं का येत नाहीत? सकाळपासून बघते, गोठ्याकडून आत-बाहेर करतात. सासूबाई म्हणतात, पहिल्यापासून तसंच आहे."

"असं म्हणतात की," मी सुरुवात केली आणि थांबलो. मग ऐकलेलं सरळ सांगितलं, आणि कुणाकडून ऐकलं तेही.

ती दाराकडं बघत राहिली. "आणि मी यातूनच आले?"

"हो."

"मग आता?"

मला माहीत नाही, असं मी म्हणालो. आतून तिला हाक आली. गोठ्याकडं चिखल होता, तिची साडी नवी होती. ती समोरच्या दारानं आत गेली. जेवण झाल्यावर मुलाच्या वडिलांचा निरोप घ्यायला मीही आत गेलो होतो. कोणत्या बाजूनं गेलो, ते मला आता आठवत नाही.