वाडी बोलली आन् भावाची फाशी रद्द झाली

गेल्या उन्हाळ्यात कशेळ्याच्या वरती आमच्या वाडीवर मुंबईच्या वकीलताई आल्या... माझ्या भावासाठी. चोरी करताना त्याच्या हातून दोन माणसं मेली. केलं ते केलं, मी नाय म्हणत नाय.

खालच्या कोर्टानं फाशी दिली. वाडी म्हणाली, शिक्षा भोगू दे, पण पोराला मारू नका. म्हणून सगळ्यांनी मिळून ताईंना बोलावलं. केस हायकोर्टात चालू होती.

ताईंनी विचारलं, त्याचं लहानपण कसं गेलं? सगळे एका सुरात... "चांगलं गेलं! काय कमी नव्हतं!"

आमच्यात असंच हाय. बाहेरचं कोणी कागद घेऊन आलं की सगळं बरं हाय म्हणायचं. भूक सांगायची लाज, आन् ज्याच्याकडं राबलो त्या मालकाचं नाव घ्यायची भीती.

ताईंनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "असं सांगितलंत तर जज म्हणतील, सगळं असून हा असा वागला. मग मी त्याला कसं वाचवू?"

माझ्या मांडीवर पोरगी... उद्या माझ्या पोरीला काय काय ऐकावं लागंल? मी तोंड उघडाया गेले तशी आईनं चिमटा काढला, "गप बस गं."

नाय बसले. म्हटलं ताई, आमी वीटभट्टीवर होतो. बा तिथंच मेला. भाऊ एवढुसा, डोक्यावर विटा वाहायचा... मुकादमानं त्याच्या डोक्यात फावडं घातलं. दवाखाना नाय, आईनं हळद दाबली. तवापासनं तो बोलता बोलता मधीच हरवतो.

आई रडायला लागली. म्हणाली, "हळद पण शेजारणीची व्हती गं..."

मग काय! सगळ्या बाया एकदम सुरू. ताई म्हणतायत, "हळू, एकेकीनं बोला!" सखूमावशी म्हणाली, "इतकी वर्सं गप व्हतो बाय, आता थांबवू नका!"

पुढं बाजारात एका दुकानदारानं टोमणा मारला, "खुन्याची बाजू घेता व्हय?" मावशी तिथंच उभी राहिली. "बाजू नाय रं, जीव मागतो. ठेव त्याला कुलपात. पण दोरी नको."

काल ताईंचा फोन आला... फाशी रद्द! जन्मठेप झाली! ताईंनी कोर्टात लिहून दिलेलं आमचं सगळं जज सायबांनी वाचलं म्हणे, भट्टीचं बी.

वाडीत ढोलकी निघाली. आई नाचली, गुडघे दुखतात तरी नाचली! नाचताना मला मेलेल्या त्या दोघांच्या घरच्या बाया आठवल्या... त्यांच्याकडं कोण परत येणार? म्हणून आमी फटाके नाय लावले.

ज्यांनी तोंड उघडलं त्या सगळ्या बायांच्या मी पाया पडते. भित्री मी आजून बी हाय. पण आता कोणी विचारलं तर मान वर करून सांगते... माझा भाऊ हाय. जित्ता हाय.