बायको मला उचलते तेव्हा

माझी बायको झरीच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलींना ज्युदो शिकवायचं ठरलं, म्हणून काही शिक्षिकांना परभणीत प्रशिक्षण दिलं, त्यात तीही होती. पहिल्याच दिवशी ती समोरच्याला खांद्यावरून फेकायचा डाव शिकून आली आणि सरावाला घरात कुणीतरी लागेल म्हणाली. घरात आई आणि मी. आईचे गुडघे दुखतात.

बैठकीत गाद्या अंथरल्या. धरायला कॉलर हवी म्हणून मला लग्नातला कोट चढवायला लावला. तिनं बाही पकडली, गर्रकन वळली, माझ्या काखेखाली हात घातला आणि सगळा जोर लावून ओढलं. मी जागचा हललो नाही. झालं का, असं मी विचारलं. तिनं पुन्हा बाही पकडली. बँकेतल्या खुर्चीत बसून कमावलेल्या वजनाचा मला पहिल्यांदाच अभिमान वाटला.

मग रोज संध्याकाळी हेच. आई सोफ्यावरून बघायची. तिला लेकाची काळजी वाटत असेल असं मला वाटलं, पण तिनं फक्त टीपॉयवरची फुलदाणी उचलून आत ठेवली.

एकदा बायको वैतागून म्हणाली, "तुमी मागं रेलायलाय. मला जरा पुढं ढकला की."

म्हणजे माझ्या पडण्याला मीच हातभार लावायचा. तरी ढकललं. त्याच वेळी ती नेहमीपेक्षा खाली वाकली, तिची पाठ माझ्या पोटाला टेकली आणि माझे पाय फरशीवरून सुटले. पंखा उलटा दिसला, मग पाठीखाली गादीच. पडताना हनुवटी छातीला लावून हातानं गादीवर थाप मारायची, हे तिनं मला शिकवलं होतं. मी थाप मारली, पण पडून झाल्यावर.

"लागलं का हो?" ती घाबरून वाकली.

"त्याला काय होतंय," आई म्हणाली, "तू तुझी कंबर बघ."

लागलं नव्हतं. खरं सांगायचं तर लय बरं वाटलं. लहानपणानंतर मला कुणी उचललंच नव्हतं. ती मात्र रात्री जेवतानाही मधेच हसत होती.

पुढं शाळेत मुलींना डाव दाखवायला तिनं मलाच नेलं. मैदानात सगळ्यांसमोर मी व्यवस्थित आपटलो, यावेळी थापही वेळेवर मारली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी कपडे झटकत उठलो, तेवढ्यात एकीनं विचारलं, "बाई, आता आमी पाडू का सरांना?"

मी बायकोकडं पाहिलं. ती मुलींची रांग लावायला लागली होती.