न तुटणारा कॉल

बाबांचा हट्टीपणा माझ्यातही पुरेपूर उतरलाय, त्यामुळे आमचं छान पटतं आणि रोज वाजतंही. त्यांचा लॅपटॉप म्हातारा झाला होता. नवीन घेऊ म्हटलं की म्हणायचे, "याच्यासमोर बसलं की अक्काला मी नीट दिसतो." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी नामपूरची आत्या. तिला ऐकू कमी येतं, ओठ पाहून ती बोलणं ओळखते. मोबाइल बाबांच्या हातात हलत राहतो.

पण ऐन गप्पांत लॅपटॉप गोठायचा. बाबांचा चेहरा एवढासा व्हायचा. मला ते बघवायचं नाही.

शेवटी मीच कंबर कसली. माझं पोटापाण्याचं काम कर्नेलचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या तळाशी बसून सगळ्यांना मेमरी वाटणाऱ्या प्रोग्रॅमचं. कॅमेऱ्याचा कोड उघडला आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक बारीकशा निरोपासाठी तो मेमरीचं अख्खं पान मागायचा आणि कॉल संपेपर्यंत सोडायचा नाही. चिमूटभर ठेच्याला द्राक्षांचा अख्खा क्रेट! जागा संपली की सगळं ठप्प. मी त्याला एकच छोटा तुकडा दिला आणि तोच पुन्हा पुन्हा वापरायला लावला.

आमच्या कामात दुरुस्ती पाठवताना ती कुणी तपासली, त्याचं नाव खाली लिहितात. "तुमचं नाव घालते," मी बाबांना म्हटलं. जन्मभर गाड्यांची इंजिनं दुरुस्त केलेला हा माणूस एकदम ताठ बसला. "असं कसं? अक्काशी बोलणं पुरतं संपू दे, मग लिही."

इस्त्रीचा शर्ट घालून ते कॉलला बसले. बाहेरच्या द्वारका चौकातले हॉर्न नकोत म्हणून खिडकी लावायला लावली. कांद्याचा भाव झाला, गुडघे झाले, वणीच्या देवीला कोण कोण जाऊन आलं तेही झालं. लॅपटॉप एकदाही अडखळला नाही. मग बोलायचे विषय संपले. आजवर कॉल लॅपटॉपच तोडायचा, निरोप घ्यायची वेळ दोघांवर कधी आलीच नव्हती.

"ठेवू का अक्का?" बाबा कसेबसे म्हणाले.

अक्का त्यांच्या ओठांकडे बघत राहिली, मग त्यांना थांबवत अहिराणीत म्हणाली, "बठ ना भाऊ. तुले काय काम शे?"

बाबांनी मान वळवून मला सांगितलं, "नाव नको लिहू इतक्यात. तपासणी चालू हाय अजून."