मिसेस एल्मर टीडमन यांची ठेव

लव्हॉन टीडमनने आपला मत्सर जिवंत बायकांवर कधी वाया घालवला नाही. तो सगळा तिने एका मेलेल्या बाईसाठी राखून ठेवला होता. अर्लीन, एल्मरची पहिली बायको, चौऱ्याहत्तर साली वारली. दोन वर्षांनी लव्हॉन त्या शेतावर नांदायला आली, तेव्हा घरात अर्लीनचे पडदे होते, अर्लीनची ताटं होती आणि अर्लीनची नऊ वर्षांची रोंडा होती. पडदे लव्हॉनने पहिल्याच आठवड्यात बदलले. अंगणातलं अर्लीनचं लायलॅकचं झुडूप खणून काढलं, तर मेलं ते पुढच्या वसंतात दुप्पट फुटलं. रोंडाचं मात्र तिने सगळं केलं. वेण्या घातल्या, डबे भरले, गोवर निघाला तेव्हा उशाशी बसून राहिली. रोंडा तिला नावाने हाक मारायची. ‘आई’ हा शब्द त्या घरात आधीच कुणाच्या तरी नावावर झालेला होता.

आणि तो अर्लीनचा रुबार्बचा पाय, आंबट देठांचं गोड सारण भरून भट्टीत भाजलेला! चर्चच्या बायकांनी काढलेल्या पाककृतींच्या पुस्तकात त्याच्याखाली छापलं होतं, ‘मिसेस एल्मर टीडमन’. तेव्हा आयोवात बाईचं स्वतःचं नाव छापायची रीतच नव्हती, नवऱ्याचं लावलं की भागायचं. त्यामुळे चाळीस वर्षं लोक त्या पायबद्दल लव्हॉनची पाठ थोपटत आले आणि तिला ते कौतुक गिळवेना की थुंकवेना. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते काही खोटं नाही. एल्मर तो पाय खाताना डोळे मिटायचा. लव्हॉन समोर बसून त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहायची.

एल्मरही गेला. शेत, घर, जे काय होतं ते मृत्युपत्राने लव्हॉनला देऊन गेला. आता दर ऑगस्टला रोंडा तिला जत्रेला नेते. जत्रेत राज्य सरकारचं एक टेबल असतं. बंद पडलेल्या खात्यांतले, मालकाचा पत्ता न लागलेले पैसे सरकार सांभाळून ठेवतं. आपलं नाव सांगायचं, यादीत असलं तर अर्ज भरायचा. लव्हॉन दरवर्षी नाव सांगायची आणि हात हलवत परतायची.

“मिसेस एल्मर म्हणून बघा की,” यंदा रोंडा टेबलावरच्या टकल्या माणसाला म्हणाली. “पूर्वी तसंच लिहायचे.”

माणसाने टाइप केलं. “आहे! गावच्या जुन्या बँकेतली ठेव. व्याज धरून सहाशे बारा डॉलर.”

“बघ!” लव्हॉनने रोंडाला कोपर मारलं. “मी म्हणत नव्हते?”

“खातं उघडलं एकोणसत्तर साली. तेव्हा तुम्ही त्याच पत्त्यावर होतात ना, बाई?”

लव्हॉनच्या तोंडातलं लिंबूपाणी कडू झालं. रोंडा तिच्याकडे बघून हळूच म्हणाली, “आईचं आहे ते. अंड्यांचे पैसे. बाबांना न सांगता साठवायची.”

“बाबांना न सांगता!” लव्हॉन फणकारली. “आणि मी इकडे साबणाच्या वडीचासुद्धा हिशोब देत होते.”

टकल्या माणसाने दोघींना चार प्रश्न विचारले. मग म्हणाला, “पहिल्या बाईंचं नवऱ्याकडे आलं, नवऱ्याचं तुमच्याकडे. हक्क तुमचा लागतो. मूळ मालकाचं पूर्ण नाव लिहा. खाली तुमचं नातं.”

“तू घे, लव्हॉन,” रोंडा म्हणाली. “मला पैसे नकोत. तिच्या हातचा एखादा कागद असेल तर तेवढा पाठवाल का हो?”

लव्हॉनने अर्ज ओढून घेतला. सवतीच्या पैशावर हक्क सांगायला सवतीचं नाव आपल्याच हाताने लिहावं लागलं. नात्याच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘दुसरी बायको’. पेन जवळजवळ कागदातून आरपार गेलं.

ऑक्टोबरात पाकीट आलं. आत चेक होता आणि बँकेतल्या सहीच्या कार्डाची प्रत. खाली अर्लीनने, बँकेची रीत मोडून, स्वतःचं नाव लिहिलं होतं. रोंडा ती प्रत धरून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली. बावन्न वर्षांची बाई, नाक ओढत रडली.

लव्हॉनने चेक टेबलावरून तिच्याकडे सरकवला. “हा घे तू. तो कागद मला दे.”

“तुला कशाला?”

“फाडायला.” लव्हॉनने कागद तिच्या हातातून ओढून घेतला. मग तिचा आवाज चिरकला. “चाळीस वर्षांवर झाली, रोंडा. माझ्या कुठल्या कागदावर तू कधी रडलीस? तुझ्या डब्यात रोज चिठ्ठी घालत होते मी. एक तरी ठेवलीस?”

“नाही ठेवली.” रोंडाने नाक पुसलं. “दुसऱ्या दिवशी नवी यायचीच की. तुझ्यावर कशाला रडू, लव्हॉन? तू कुठे गेलीस मला सोडून?”

लव्हॉनने कागद परत रोंडाच्या हातात दिला. चेक मात्र ठेवून घेतला.